शेवटच्या भोंग्याखाली

रामकृष्ण उमाटे सभेत वक्त्याकडे पाठ करून उभे राहत. सिंदी रेल्वे या गावच्या बाजार चौकात सभा असली की माइक उभा करायचा, मशीन सुरू करायचं, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायचं आणि वायरीच्या कडेकडेनं चालत शेवटच्या भोंग्याखाली जाऊन थांबायचं, ही त्यांची पद्धत होती. हा भोंगा बहुधा एखाद्या कडुनिंबावर बांधलेला असे. तिथे ते हात मागे बांधून, मान खाली घालून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून ऐकत. नवख्या माणसाला वाटे, या गृहस्थाला कोणी शिक्षा केली आहे. ते अगदीच खोटं नव्हतं.

लाउडस्पीकर भाड्याने देणं हा त्यांचा धंदा. लग्नं, गणपती, कीर्तन, तंबूतल्या सिनेमाची जाहिरात आणि सर्व पक्षांच्या सभा. मी नागपूरच्या एका दैनिकाचा वर्धा जिल्ह्याचा बातमीदार होतो आणि आठवड्यातून एकदा सिंदीला उतरत असे. १९७४ साली मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही शेवटच्या भोंग्याखाली होतो, कारण सावली तिथेच होती. एक नेते बोलत होते. मी वहीत लिहीत होतो. भिंतीकडे तोंड केलेला तो माणूस मान न वळवता म्हणाला,

"काय लिहून राह्यले साहेब? त्यानं तं अजून काईच सांगतलं नाई."

मी वही पाहिली. बावीस मिनिटं झाली होती. वहीत अकरा नावं होती, सगळी मंचावर बसलेल्यांची.

"सुरुवात आहे," मी म्हणालो.

"अमेरिकेत एवढ्यात भाषण संपून लोकं घरी पोचले असते," उमाटे म्हणाले.

पुढची बारा वर्षं हे वाक्य मी या ना त्या रूपात ऐकलं.

अमेरिका त्यांच्याकडे पोस्टानं आली होती. मुंबईच्या एका कचेरीला पोस्टकार्ड टाकलं की अमेरिकेची माहिती देणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तिका फुकट येत. सिंदीतले बाकीचे लोक त्या कागदाचा उपयोग शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालायला करत. उमाटे त्या वाचत. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी, जवळ एक जाडा शब्दकोश आणि स्वतः दुरुस्त केलेला एक जुना रेडिओ. सकाळच्या प्रक्षेपणात अमेरिकेचा कोणी नेता बोलणार असला की ते दुकानाची फळी अर्धीच उघडत आणि आत कानामागे हात धरून बसत. त्यांच्या पत्नी यशोदाबाई गिऱ्हाइकाला बाहेरच थांबवत. "थांबा जरा," त्या म्हणत, "त्यायचा अध्यक्ष बोलून राह्यला. आमच्या घरातला माणूस बोलत नाई, पण अमेरिकेतला बोलते."

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षानं राजीनामा दिला. ते भाषण आपल्याकडे सकाळी साडेसहाच्या सुमारास ऐकू आलं. पुढच्या खेपेला मी स्टेशनातून बाहेर पडतो न पडतो तोच उमाट्यांनी मला गाठलं. राजीनाम्याचं कारण, तिथली चौकशी, पुढे काय होणार, यातलं काहीही त्यांना सांगायचं नव्हतं. त्यांना सांगायचं होतं ते एवढंच, की भाषण सोळा मिनिटांत संपलं आणि भाषण चांगलं होतं.

"तो माणूस लबाड निघाला, उमाटेजी," मी म्हणालो.

"माणूस खोटा, भाषण चांगलं. हे बी होते. तुमच्या पेपरात नाई होत का? बातमी खरी आन् लिहिलेली बेकार?"

मी त्यांना टाळू लागलो. ते जमत नसे, कारण स्टेशनातून बाजारात जायची वाट त्यांच्या दुकानावरूनच होती.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकेत बोलणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा असतो. लिहिणारा बंद खोलीत बसून लिहितो, बोलणारा ते आधी मोठ्यानं वाचून पाहतो, जिथे जीभ अडते तिथे कापतो. आपल्याकडे लिहिणारा कोणीच नाही, म्हणून कापणाराही कोणी नाही. दुसरं म्हणजे, चांगला वक्ता लोकांना माहीत नसलेलं सांगत नाही. त्यांच्या पोटात जे आहे पण ओठावर येत नाही, ते तो आधी बोलून टाकतो, मग पुढे जातो. आणि बोलून झालं की खाली उतरतो. या उतरण्यावर उमाट्यांचा सर्वांत जास्त भर होता. "चढता सगळ्यायले येते," ते म्हणत.

त्यांचं सर्वांत आवडतं भाषण अध्यक्षाचं नव्हतं. अध्यक्ष होऊ पाहणाऱ्या एकाचं होतं. प्रचाराला निघालेल्या त्या माणसाला वाटेत कळतं की एका मोठ्या नेत्याचा खून झाला आहे. सभेला जमलेल्या बहुतेकांना ते माहीत नाही. तो ट्रकवर उभा राहतो, लोकांना हातातल्या पाट्या खाली करायला सांगतो, बातमी सांगतो, स्वतःच्या भावाचाही खूनच झाला होता हे एकदाच सांगतो आणि शेवटी घरी जायला सांगतो. उमाट्यांनी हे मला किती वेळा ऐकवलं ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. दर वेळी ते शेवटाशी थांबत. "घरी जा म्हने. मत द्या म्हनलं नाई. घरी जा."

एकदा मी वैतागून त्यांच्याच पुस्तिकेतलं एक भाषण त्यांच्यासमोर धरलं. कडाक्याच्या थंडीत टोपी न घालता शपथविधीला बोललेल्या तरुण अध्यक्षाचं ते भाषण. पहिल्याच ओळीत उपाध्यक्ष, सभापती, सरन्यायाधीश, माजी अध्यक्ष, धर्मगुरू असे सगळे ओळीनं हजर होते.

"हे काय आहे?" मी विचारलं. "हीसुद्धा मंचावरचीच नावं."

उमाट्यांनी चष्मा लावून ओळ पाहिली. ती त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती असं नाही. "ते हारतुरे हाय," ते म्हणाले. "हारतुरे तिथं बी हाय. पण एका दमात. आपल्याइथं हार घालता घालता सभा संपते आन् मंग भाषण चालू होते."

मी बारीकसा विजय मिळवल्याच्या समाधानात निघालो. पाच पावलांवर ते मागून म्हणाले, "माह्या भोंग्यातून वीस वर्सांत एक बी चांगलं भाषण गेलं नाई साहेब. एक बी. तेवढं एक मले आयकाचं हाय." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. गाडीची वेळ सांगावी तसं म्हटलं होतं. गाडीची वेळ खरोखरच झाली होती.

१९७९च्या जिल्हा परिषद निवडणुकीत त्यांना संधी आली. बाबाराव नावाचे त्यांचे लहानपणचे मित्र समुद्रपूर भागातून उभे होते. साधा, शेती करणारा, बोलायला बुजणारा माणूस. उमाट्यांनी त्यांना भाषण लिहून दिलं. बंद खोली नव्हती, म्हणून दुकानाची फळी लावून घेऊन लिहिलं. बाबारावांकडून ते आठ दिवस मोठ्यानं वाचून घेतलं. जीभ अडेल तिथे कापलं. उरलं सात मिनिटांचं.

मी त्या सभेला होतो. भाषण आजही मला जवळजवळ पाठ आहे. पावसाळ्यात चार गावांना एस.टी. येत नाही. मी तो चिखल पायांनी तुडवला आहे, माझी आई त्याच चिखलातून बाजेवर दवाखान्यात नेली. मी निवडून आलो तर हे एकच काम मागेन, दर महिन्याला मागेन. दोन वर्षांत झालं नाही तर याच चौकात येऊन, झालं नाही, हे माझ्या तोंडानं सांगेन. एवढंच. बाबाराव बोलले आणि खाली उतरले. पत्रकार म्हणून सांगतो, त्या निवडणुकीत मी ऐकलेलं ते एकमेव असं भाषण होतं ज्यातला एकही शब्द मला गाळावा लागला नाही.

सभेत शांतता पसरली. शेवटच्या भोंग्याखाली भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या उमाट्यांचे खांदे किंचित वर झाले. ही शांतता त्यांनी पुस्तिकेत वाचली होती.

मग मधूनच एक म्हातारा म्हणाला, "भाषण कवा चालू होते हो?"

लोक दूरदूरच्या गावांहून बैलगाड्या जुंपून आले होते. सात मिनिटांसाठी कोणी बैलगाडी जुंपत नाही. त्यांना वाटलं, ही प्रस्तावना. पण खरं संकट मंचावर होतं. तिथे सात जण बसले होते, सात गावांतले वजनदार लोक. उमाट्यांनी सातही नावं कापली होती. त्यांपैकी एक जण उठला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि उतरून गेला. त्याच्या मागे दुसरा गेला. मी मोजत होतो. पंधरा मिनिटांत मंच रिकामा झाला.

बाबाराव पडले. भाषणामुळेच पडले असं लिहिण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता. बाबारावांना मात्र पुराव्याची गरज वाटली नाही. ते दुकानात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "रामकृष्णा, तुया अमेरिकेनं मले घरी बसवलं."

"भाषण चांगलं होतं, बाबा."

"चांगलंच होतं. मी काय नाई म्हनतो का? आता ते भाषण घे आन् तूच त्या चिखलात जा."

त्यानंतर त्या दोघांचं बोलणं वर्षभर बंद होतं. मी उमाट्यांना विचारलं, जे भाषण माणसाला पाडतं ते चांगलं कसं? दोन आठवड्यांनी वर्ध्याच्या पत्त्यावर त्यांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर सरळ, मायना नाही. "त्या दिवशी माझी पाठ होती. मंचावरची तोंडं पाहिली असती तर दोन ओळी वाढवल्या असत्या."

एवढं कळल्यावर तरी माणसानं मंचाकडे तोंड करून उभं राहावं. नाही. पुढच्या सभेत उमाटे पुन्हा भिंतीकडेच. "तोंड पाह्यलं का आयकू येत नाई," त्यांचा खुलासा. मग उमेदवारांत एक समजूत पसरली की उमाट्यांचा माइक अपशकुनी आहे. काही जण सेलूहून दुसरा माइक आणवू लागले. यशोदाबाईंनी मला एकदा दुकानाबाहेर थांबवून सांगितलं, "भाऊ, तुमचं आयकते ते. त्यायले म्हना, भोंगे द्या, अक्कल देऊ नोका." मी म्हटलं. उपयोग झाला नाही.

१९८६च्या जानेवारीच्या शेवटी अमेरिकेचं एक अवकाशयान उडाल्यावर लगेचच आकाशात फुटलं. आत सात जण होते, त्यांत एक शाळेतली शिक्षिका होती. ती जाणार म्हणून तिथल्या शाळांतली मुलं टीव्हीसमोर बसून ते पाहत होती. अध्यक्षाचं वर्षाचं मोठं भाषण त्याच दिवशी होतं. त्यानं ते पुढे ढकललं आणि पाचेक मिनिटं बोलला. उमाट्यांनी ते सकाळच्या प्रक्षेपणात ऐकलं होतं. ते मला म्हणाले, "साहेब, मधातच तो पोरायसंग बोलला. ज्या पोरायनं डोयानं पाह्यलं त्यायच्यासंग. मोठ्या लोकायले सोडून."

"लिहून देणारा बसलेला असतो ना तिथे," मी म्हणालो. मला कापसाचे भाव घ्यायला जायचं होतं.

"लिहिनाऱ्याले तरी सुचलं. इथं कोनाले सुचलं असतं?"

मी बाजाराकडे निघालो. त्याला महिना झाला नसेल, तोच सिंदीतल्या एका शाळेची सहल धरणावर गेली. पाय धुताना दोन मुलं घसरून पाण्यात पडली. शाळेचा शिपाई लहानू मडावी यानं उडी घेतली. एकाला काढलं, दुसऱ्यालाही काढलं, पण तो स्वतः वर आला नाही. साठ-सत्तर मुलं काठावर उभी राहून हे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाल्याकाठच्या स्मशानात लहानूला माती दिली. आमच्या भागात माती झाल्यावर लोक तिथेच थांबतात आणि शोकसभा होते. दोघे-तिघे बोलतात, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात आणि पांगतात. निदान रीत तशी आहे. त्या दिवशी गर्दी मोठी होती, म्हणून माइक लावला होता. उमाट्यांनी भाडं सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. दोन भोंगे. एक माइकपाशी, दुसरा लांब बाभळीवर. शाळेची मुलं गणवेशात, रांगांनी, उन्हात उभी.

नऊ जण बोलले. नावं माझ्या वहीत आहेत. प्रत्येकानं आधी उपस्थित मान्यवरांचा उल्लेख केला, स्मशानातही. प्रत्येकाचं लहानूशी काही ना काही नातं निघालं. एकानं त्याला नोकरीला लावलं होतं, एकाच्या घरी तो पाणी प्यायला होता. लहानूची बायको मातीच्या ढिगाऱ्यापाशी बसली होती, तिच्याकडे कोणी वळलं नाही. उमाटे बाभळीखाली, पाठ करून. मी त्यांच्या शेजारी. पन्नास मिनिटं झाली.

नववा वक्ता म्हणाला, "ज्यांच्यासाठी या वीरानं प्राण दिले ती दोन बालकं कुठे आहेत? पुढे आणा. लोकांना पाहू द्या."

दोन्ही मुलांना रांगेतून पुढे ढकललं गेलं. मग भोंगा गप्प झाला, कारण वक्ता लोकांचं पाहणं संपायची वाट पाहत होता. भोंग्यातून काहीच येईना तेव्हा उमाट्यांनी मान वळवली. बारा वर्षांत मी त्यांना सभेकडे तोंड केलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एक मुलगा पायांकडे पाहत होता. दुसऱ्या, लहान्या मुलानं चड्डीत लघवी केली होती आणि ती त्याच्या पायावरून खाली येत होती.

उमाटे चालू लागले. वायरीच्या कडेनं नाही, सरळ मधून. वक्त्याला त्यांनी धक्का दिला नाही. माइक उंचीला बसवायचा आहे अशा थाटात त्यांनी दांडी हातात घेतली. माइकवाल्याला कोणी अडवत नाही. वक्ता बाजूला सरकला.

"पोरंहो, बसा खाली," भोंग्यातून आलं.

मुलं बसली. ती दोघंही बसली.

"काल तुमी डोयानं पाह्यलं. कोनी पाहू नये ते पाह्यलं. भेव वाटत असन तं वाटू द्या, मले बी वाटते. लहानू काकानं या दोघायले बाहेर काढलं, ते त्याच्या मनानं काढलं. हे दोघं वाचले पायजे, एवढंच त्याले पायजे होतं. ते झालं. तुमच्या डोक्श्यावर कोनाचं वझं नाई. मातीले हात जोडा, काकूले हात जोडा, आन् घरी जा. घरी जाऊन जेवा."

त्यांनी मशीन बंद केलं. मुलं उठली, आधी मातीच्या ढिगाऱ्याकडे आणि मग लहानूच्या बायकोकडे गेली. तिनं त्या दोघांपैकी लहान्याला जवळ ओढलं आणि पदरानं त्याचा पाय पुसला. दोन मिनिटांची स्तब्धता राहूनच गेली. त्याबद्दल नंतर बरीच नाराजी व्यक्त झाली. नववे वक्ते म्हणाले, "माइकवाल्यानं माझं भाषण तोडलं." तेही खरंच होतं.

मी बातमी पाठवली. तीत नऊ नावं होती आणि शेवटी "आदींनी श्रद्धांजली वाहिली" असं होतं. उमाटे कार्यक्रमपत्रिकेवर नव्हते. पत्रिकेवर नसलेला माणूस बातमीत येत नाही, असं मला शिकवलेलं होतं आणि मी ते पाळलं. डेस्कनं काही कापलं नाही. कापण्यासारखं ठेवलंच नव्हतं.

त्यानंतर उमाट्यांना राजकीय सभा मिळाल्या नाहीत. लग्नं आणि कीर्तनं राहिली. माझी त्याच वर्षी नागपूरला बदली झाली. शेवटचे ते मला सिंदीच्या फलाटावर भेटले. एक भोंगा पोत्यात गुंडाळून नागपूरला दुरुस्तीला न्यायला ते निघाले होते. तो पहिला, माइकपाशी लावायचा. शेवटचा ते कोणाकडे दुरुस्तीला देत नसत.

"बातमी वाचली तुमची," ते म्हणाले. "लंबी झाली."

पॅसेंजर दिसू लागली. त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं, मग पुन्हा खाली ठेवलं.

"साहेब, तुमी त्या दिवशी बाभळीखालीच होते ना? मी तं माइकपाशी होतो. तिथून मले काई आयकू आलं नाई."

"बाभळीखालीच होतो."

"कसं गेलं?"

माझी वही खिशात होती. "एक मिनिटाला थोडं कमी," मी म्हणालो.

"ते नाई इचारलं."

गाडी फलाटाला लागली. मी सांगितलं की शेवटच्या भोंग्यापाशी सगळं स्वच्छ ऐकू आलं, शेवटच्या शब्दापर्यंत. त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं, हात मागे बांधून. मग पोतं उचललं, डब्यात चढले आणि दारातल्या माणसाला म्हणाले, "सरक रे बाबू, भोंगा हाय."

जागा मिळाली ती इंजिनाकडे पाठ करून. तिथेच ते बसले.